साडेतीनशे वर्षांपूर्वी फुटलेला तारा अजून विझला का नाही?

उत्तररात्र | शनिवार, रात्री ११:१०

गेल्या रविवारी गच्चीवर भाच्याला शर्मिष्ठा दाखवत होते. नोव्हेंबरात रात्री आठच्या सुमारास ती उत्तरेला छान वर आलेली असते. पुण्याच्या उजेडातही तिचे पाच तारे ओळखू येतात. त्यांच्या पश्चिमेकडच्या टोकाच्या जरा पुढं बोट दाखवून म्हटलं, इथं एक तारा फुटलाय. डोळ्यांना काहीच दिसत नाही तिथं, पण सूर्यमालेबाहेरचा आकाशातला सगळ्यात ठळक रेडिओ स्रोत तोच. नाव कॅसिओपिया ए. अंतर सुमारे ११,००० प्रकाशवर्षं. स्फोटाचा प्रकाश आपल्याकडे पोचला तो १६८०च्या आसपास, म्हणजे महाराज गेले त्या सुमाराला.

भाचा सातवीत आहे. म्हणाला, "मावशी, सुतळी बॉम्ब फुटला की संपला. हा साडेतीनशे वर्षं झाली तरी चमकतोय, म्हणजे आत अजून काय जळतंय?"

मी म्हटलं, "खूप गरम आहे म्हणून." त्याला पटलं आणि तो जेवायला खाली गेला. मला मात्र रात्रभर चुटपुट लागून राहिली. कारण हे उत्तर अर्धंच आहे, आणि राहिलेलं अर्धं त्याहून कितीतरी सुंदर आहे. म्हणून हा धागा.

आधी दिलेलं अर्धं. तारा फुटला की त्याचा माल सेकंदाला हजारो किलोमीटर वेगानं बाहेर फेकला जातो. आजूबाजूला विरळ वायू असतो. त्याला रेटत पुढं एक शॉकवेव्ह धावते, कॅसिओपिया ए मध्ये ती अजूनही सेकंदाला ५,००० किलोमीटरच्या आसपास धावतेय. तिच्या तडाख्यात सापडलेला वायू कोट्यवधी अंशांना तापतो, आणि एवढा तापलेला वायू क्ष-किरणांत चमकतो. तो इतका विरळ असतो की निवायला हजारो वर्षं लागतात. म्हणजे आत काही जळत नाहीये, शेगडी विझली तरी तवा तापलेला आहे. या तापलेल्या मालाचा वर्णपट काढला की सिलिकॉन, गंधक, आर्गॉन, कॅल्शियम, लोह यांच्या रेषा स्वच्छ दिसतात. ताऱ्याच्या पोटात काय शिजलं होतं त्याची यादीच.

आता राहिलेलं अर्धं. चंद्रा ही क्ष-किरण दुर्बीण जुलै १९९९ मध्ये वर गेली आणि ऑगस्टमध्ये तिचं पहिलं अधिकृत चित्र आलं, ते याच अवशेषाचं. मधोमध एक ठिपका होता, तो न्यूट्रॉन तारा तोवर कुणीच पाहिला नव्हता. सगळे त्या ठिपक्याबद्दल बोलतात. मी मात्र त्या चित्राची कड बघत बसते. आतला पसारा ढगांच्या गुठळ्यांसारखा आहे, आणि त्याच्या बाहेर, थोडं अंतर सोडून, एक अगदी बारीक कड सगळीकडून फिरलेली आहे. साडीच्या काठाला जरीची एकच तार असावी तशी. काही ठिकाणी तुटलेली, काही ठिकाणी दुहेरी. या तारेचा वर्णपट काढला तर त्यात रेषाच नाहीत! ना सिलिकॉन, ना लोह. सपाट उतरता आलेख.

उष्णता असं करत नाही. १ कोटी अंश तापमान म्हणजे कणामागे साधारण ८६० इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा. ५ कोटी अंश धरले तरी चार-साडेचार हजार. आणि याच अवशेषातून गॅमा किरण येतात ते टेरा इलेक्ट्रॉनव्होल्टचे, म्हणजे लाख कोटींचे. तेवढं तापमान असलेली वस्तू तिथं कुठंही नाही. म्हणजे काही मोजक्या कणांना उष्णतेच्या वाटणीपेक्षा अब्जपट जास्त मिळालंय.

ती कड आहे इलेक्ट्रॉनांची. प्रकाशाच्या वेगाला जवळजवळ टेकलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळतात, आणि विद्युतभारित कण वळला की प्रारण सोडतो. याला सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात. क्ष-किरण सोडण्यासाठी या इलेक्ट्रॉनांना दहा-वीस टेरा तरी ऊर्जा लागते. आणि इथंच भाच्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. एवढा ऊर्जावान इलेक्ट्रॉन तिथल्या चुंबकीय क्षेत्रात आपली ऊर्जा दहाएक वर्षांत उधळून बसतो. कड बारीक आहे ती म्हणूनच, तो फार लांब जाऊच शकत नाही. मग १६८० साली वेग मिळालेला इलेक्ट्रॉन आज चमकत असणं शक्यच नाही. जी तार आपल्याला दिसते ती आत्ता विणली जातेय. स्फोट संपला, पण त्याचा यंत्रमाग चालू आहे.

हे यंत्र चालतं कसं यावर इथले जाणकार लिहितील अशी आशा आहे. मलाही थोडं लिहायचंय, पण उद्या.


कोरडवाहू | रविवार, सकाळी ७:४५

ताई, वाचून अंगावर काटा आला. दोन शंका.

एक, ११,००० प्रकाशवर्षं लांब असेल तर ते "आत्ता" कुठलं?

दुसरी जास्त छळतेय. शॉकवेव्ह हवेत समजते. बार झाला की छातीत धप्प होतं, कारण हवेचा कण हवेच्या कणावर आदळतो. तिथं तर पोकळी. कोण कुणावर आदळतं?


उत्तररात्र | रविवार, सकाळी ९:२०

पहिलीचं उत्तर सोपं. सगळा हिशेब आपल्याकडे पोचणाऱ्या प्रकाशाच्या कॅलेंडरवर करायचा. स्फोट आणि कड दोन्ही तेवढ्याच लांब आहेत, त्यामुळे त्यांच्यातलं साडेतीनशे वर्षांचं अंतर खरंच आहे.

दुसरी शंका फार मोलाची आहे. आपल्या हवेच्या एका घनसेंटीमीटरमध्ये रेणूंची संख्या २५ वर १८ शून्यं एवढी असते. ताऱ्यांच्या मधल्या जागेत तेवढ्याच जागी एखादा कण. तुम्ही म्हणता तशी कणावर कणाची टक्कर तिथं होतच नाही म्हणा. पण तो वायू विद्युतभारित आहे आणि त्यात चुंबकीय क्षेत्र गुंफलेलं आहे. पुढून येणारा प्रोटॉन दुसऱ्या प्रोटॉनवर आपटत नाही, तो विस्कटलेल्या चुंबकीय क्षेत्रात अडकतो आणि वळवला जातो. टक्करीचं काम क्षेत्र करतं. म्हणून याला टक्करविरहित शॉक म्हणतात.

आणि हेच तर कारण आहे की काही कण सुटून भलतेच पुढं जातात. हवेतल्या शॉकमध्ये एखाद्या रेणूला जास्त वेग मिळाला तर शेजाऱ्यांना धक्के देत तो लगेच चारचौघांसारखा होतो. तिथं शेजारीच नाही. मिळालेली ऊर्जा वाटून घ्यायला कुणी नाही.

आता यंत्र. टेबल टेनिसचा चेंडू टेबलावर टप्पे खात असताना वरून बॅट हळूहळू खाली आणा. दोन्ही पृष्ठभाग जवळ येतायत, त्यामुळे बॅटीवर आपटला की दर वेळी चेंडूचा वेग थोडा वाढतो. शॉकच्या दोन्ही अंगांना असंच आहे. शॉकच्या पुढच्या वायूत बसून पाहिलं तर मागचा वायू अंगावर येताना दिसतो. मागच्या वायूत बसून पाहिलं तर पुढचा अंगावर येताना दिसतो! कण कुठल्याही बाजूनं ओलांडून गेला तरी समोरून येणाऱ्या भिंतीवरच आपटतो, आणि चुंबकीय खाचखळगे त्याला परत माघारी पाठवतात. पुन्हा ओलांडला, पुन्हा फायदा. तोटा कुठल्याच बाजूला नाही.


माणदेशी_मास्तर | रविवार, दुपारी १:०५

उत्तररात्र ताई, नमस्कार. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो, खगोलशास्त्र माझा विषय नाही. पण एका फेरीला फायदा किती होतो आणि कण निसटण्याची शक्यता किती, एवढं सांगाल का? मग पुढचं मी करून बघतो.


उत्तररात्र | रविवार, दुपारी १:४०

सर, एक पूर्ण फेरी, म्हणजे मागून पुढं आणि परत मागं. त्यात सरासरी फायदा शॉकचा वेग भागिले प्रकाशाचा वेग एवढा. ५,००० भागिले ३,००,०००, म्हणजे साठावा हिस्सा. आणि प्रबळ शॉकच्या बाबतीत कण मागच्या बाजूला वाहून जाऊन कायमचा सुटण्याची शक्यताही दर फेरीला तेवढीच, साठात एक.


माणदेशी_मास्तर | रविवार, दुपारी ३:३०

जेवण तसंच ठेवून हिशेब केला.

हे सरळ चक्रवाढ व्याज आहे. दर फेरीला १.६७ टक्के. ४२ फेऱ्यांत रक्कम दुप्पट होते. आणि दर फेरीला ६० पैकी १ जण बाहेर पडतो म्हटल्यावर ४२ फेऱ्यांनी निम्मे खेळाडू उरतात. म्हणजे ऊर्जा दुप्पट, तर उरलेले कण निम्मे. पुन्हा दुप्पट, तर पुन्हा निम्मे.

सुरुवात १ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टपासून धरली आणि १०० टेरापर्यंत जायचं, तर एक लाख पट व्हायला हवं. त्याला सुमारे ७०० फेऱ्या लागतात. आणि तिथवर टिकतो लाखात एक कण. ऊर्जा लाख पट, संख्या लाखाचा एक भाग.

व्याज आणि गळती अगदी सारखी आहे म्हणून हे उत्तर असं नेटकं येतंय ना? शॉकचा वेग मी निम्मा धरून पाहिला. फेऱ्या दुप्पट लागल्या, पण शेवटची वाटणी तीच आली! हे बघून मी खुर्चीवरून उठलो.


नेकारकाठ | रविवार, रात्री ८:१५ (इथं दुपार)

मास्तर, तुम्ही आत्ता जे स्वतः काढलंत ते १९७७-७८ मध्ये चार वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे काढलं होतं. रशियात क्रिम्स्की, इंग्लंडात बेल, अमेरिकेत ब्लँडफर्ड आणि ऑस्ट्रायकर, आणि अ‍ॅक्सफर्ड, लीअर, स्काड्रॉन हे तिघं. वेग काहीही असो, वाटणी तीच, हेच त्याचं वैभव. म्हणूनच वेगवेगळ्या वयांच्या अवशेषांचे वर्णपट एकमेकांसारखे दिसतात.

मूळ कल्पना एन्रिको फर्मीची, १९४९ ची. पण त्याच्या कल्पनेत कण इकडेतिकडे भटकणाऱ्या ढगांवर आपटायचा. समोरून येणारा ढग ऊर्जा द्यायचा, पळणारा ढग काढून घ्यायचा. निव्वळ फायदा व्हायचा, पण फारच थोडा. शॉकमुळे पळणारा ढगच नाहीसा झाला.

मी हायडलबर्गला राहतो, गॅमा किरण दुर्बिणींच्या आकडेवारीवर काम करतो. या विषयावर मराठीत बोलायची संधी पहिल्यांदाच मिळतेय, त्यामुळे जरा लांबण लागली तर चालवून घ्या.

आत्तापर्यंत सगळी चर्चा इलेक्ट्रॉनांची झाली. पण हा विषय सुरू झाला तो विश्वकिरणांपासून, म्हणजे आकाशातून पृथ्वीवर येणाऱ्या वेगवान कणांपासून. १९१२ मध्ये व्हिक्टर हेस बलूनमध्ये बसून पाच किलोमीटरच्या वर गेला आणि त्याला वर जावं तसं प्रारण वाढताना दिसलं, म्हणजे ते जमिनीतून नव्हे, आकाशातून येत होतं. या विश्वकिरणांत इलेक्ट्रॉन अगदी थोडे, बहुतेक प्रोटॉन. १९३४ मध्येच बाडे आणि झ्विकी यांनी म्हटलं होतं की हे सुपरनोव्हातून, म्हणजे ताऱ्यांच्या स्फोटांतून, येत असावेत. हिशेब बसतो. आकाशगंगेत शतकाला दोन-तीन सुपरनोव्हा, प्रत्येकाच्या उसळत्या मालात १० वर ४४ घात एवढे ज्यूल. त्यातले दहा टक्के जरी कणांना मिळाले तरी आकाशगंगेतल्या सगळ्या विश्वकिरणांचा खर्च भागतो.

पण हिशेब बसणं वेगळं आणि प्रोटॉन पकडणं वेगळं. प्रोटॉन जड, तो वळताना फारसा चमकत नाही. आणि तो पृथ्वीवर पोचेपर्यंत आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रात इतकी वळणं घेतो की कुठून निघाला ते सांगता येत नाही. मग पुरावा कसा मिळवायचा?

वाट एकच. प्रोटॉन जवळच्या वायूतल्या दुसऱ्या प्रोटॉनवर आपटला की उदासीन पायॉन तयार होतो. तो क्षणात मोडतो आणि दोन गॅमा किरण निघतात. पायॉन स्थिर असेल तर प्रत्येकाची ऊर्जा ६७.५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट. याचा परिणाम असा, की २०० दशलक्षच्या खाली गॅमा किरणांचा आलेख एकदम घसरतो. इलेक्ट्रॉनांनी केलेल्या गॅमा किरणांत अशी घसरण येत नाही. फर्मी उपग्रहाच्या लोकांनी चार वर्षांची निरीक्षणं जमवून ही घसरण दोन अवशेषांत दाखवली, आयसी ४४३ आणि डब्ल्यू ४४. साल २०१३. बाडे-झ्विकींपासून मोजलं तर ७९ वर्षं.

मी तेव्हा शिकत होतो. तो आलेख पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा खोलीत कुणी बोललं नाही. डावीकडचे तीन-चार बिंदू खाली उतरलेले, बस. त्या तीन-चार बिंदूंसाठी माणसांची आयुष्यं गेली होती.


तारेवरचा | रविवार, रात्री ९:५०

मी निवृत्त तंत्रज्ञ. नारायणगावजवळ खोडदला ज्या मोठ्या रेडिओ दुर्बिणी आहेत, जीएमआरटी म्हणतात, त्यांच्या देखभालीत माझी बरीच वर्षं गेली. ३० अँटेना, प्रत्येक ४५ मीटर व्यासाची. वरची तबकडी पत्र्याची नाही, स्टीलच्या बारीक तारांच्या जाळीची. वारा आरपार जातो म्हणून एवढी मोठी तबकडी हलकी ठेवता येते. जाळीच्या खाली उभं राहून वर पाहिलं की आभाळ चौकटीच्या कागदासारखं दिसतं.

आम्ही नटबोल्टवाले, पण शास्त्रज्ञ मंडळी चहाला बसली की विचारायचो, आज कुठं तोंड आहे? सुपरनोव्हाचा अवशेष असला की ते समजावून सांगत. ते म्हणत, रेडिओ लहरी सोडणारे इलेक्ट्रॉन आणि क्ष-किरण सोडणारे इलेक्ट्रॉन एकाच घरातले. फरक ऊर्जेचा. रेडिओवाल्याला एखाद अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात, आणि तो लाखो वर्षं टिकतो. म्हणून रेडिओच्या चित्रात जाड कडं दिसतं आणि क्ष-किरणांत बारीक तार. मास्तरांचा हिशेब वाचून आज ते कोडं उलगडलं: खालच्या पायरीवर गर्दी, वरच्या पायरीवर मोजकेच.

आमच्याकडे मोटारसायकलच्या प्लगची ठिणगीसुद्धा त्रास द्यायची. अवशेषांचा तो आवाज इतका क्षीण असतो.


चांदणचुरा | सोमवार, सकाळी १०:३०

धागा सुंदर चाललाय. वांगणीला आकाशदर्शनाला जाते, तिथं दुर्बिणीतून वृषभेतला खेकडा तेजोमेघ पाहिलाय. १०५४ साली चिनी लोकांनी नोंदवलेला. दुर्बिणीत जेमतेम राखाडी पुसट डाग, तरी पाय निघत नव्हता. हा त्याच यंत्रानं चमकतो का?


उत्तररात्र | सोमवार, दुपारी १२:१५

नाही, आणि हा घोळ फार ठिकाणी होतो, म्हणून बरं झालं विचारलंत. तिथंही सिंक्रोट्रॉनच आहे, पण ऊर्जा देणारा मालक वेगळा. खेकड्याच्या मधोमध पल्सार आहे, म्हणजे सेकंदाला ३० गिरक्या घेणारा न्यूट्रॉन तारा. त्याची गिरकी हळूहळू मंदावतेय, आणि ती हरवलेली ऊर्जा कणांच्या वाऱ्यानं बाहेर पडून सगळा मेघ उजळते. म्हणून तो आतून भरलेला दिसतो, आणि कॅसिओपिया ए, टायको, केपलर हे अवशेष पोकळ कड्यासारखे. तिथं इंजिन मधोमध, इथं इंजिन कडेला. तुम्ही पाहिलेल्या राखाडी डागाचा दृश्य प्रकाशही काही अंशी सिंक्रोट्रॉनचाच, हे १९५३ मध्ये श्क्लोव्स्कीनं सुचवलं आणि पुढच्याच वर्षी ध्रुवण (प्रकाशलहरींची एकाच दिशेतली थरथर) मोजून खरं ठरलं. म्हणजे डोळ्यानं पाहता येणारं सिंक्रोट्रॉन प्रारण तुम्ही वांगणीला पाहून आलात.

कड्यांमध्ये हे पहिल्यांदा स्पष्ट झालं १००६ सालच्या सुपरनोव्हात. नोंदवलेल्या इतिहासातला सर्वांत तेजस्वी तारा तो, चीन, जपान, इजिप्त, स्वित्झर्लंड, सगळीकडच्या नोंदी आहेत. १९९५ मध्ये जपानच्या आस्का उपग्रहानं त्याच्या दोन कडा मोजल्या आणि त्यांत रेषा नसल्याचं दाखवलं. सुरुवातीला मी जी जरीची तार सांगितली, तिचा उलगडा तिथून सुरू झाला.


लेहवारी | सोमवार, रात्री ९:००

गेल्या वर्षी लडाखला हानलेला गेलो होतो. तिथं मेस नावाची गॅमा किरण दुर्बीण लांबून पाहिली. व्यास २१ मीटर. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचं औपचारिक उद्घाटन झालं. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,३०० मीटर. दुपारी ती जमिनीकडे तोंड करून उभी होती आणि आरशांत डोंगर शेकडो तुकड्यांत दिसत होता. पण गॅमा किरण तर वातावरणात अडतात ना? मग जमिनीवर आरसे ठेवून काय मिळतं?


नेकारकाठ | सोमवार, रात्री ११:४०

ती दुर्बीण गॅमा किरण पाहतच नाही, त्यांनी वातावरणात उडवलेला फुलबाजा पाहते. टेराचा गॅमा किरण हवेत शिरला की इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी होते, त्या जोडीतून पुन्हा गॅमा, त्यातून पुन्हा जोड्या. या धबधब्याचं गणित १९३७ मध्ये होमी भाभा आणि हाइटलर यांनी मांडलं, आपल्या माणसाचं काम आहे ते. हे कण हवेतल्या प्रकाशापेक्षा वेगानं धावतात, म्हणून निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश पडतो. तो टिकतो सेकंदाच्या काही अब्जांश भाग. डोळ्याला कळणार नाही. पण मोठा आरसा आणि तेवढा चपळ कॅमेरा असेल तर चित्र निघतं. मेसच्या आरशाचे ३५६ फलक आहेत आणि कॅमेऱ्यात १,०८८ नळ्या.

याच पद्धतीनं नामिबियातल्या हेस दुर्बिणींनी २००४ मध्ये आरएक्स जे१७१३ या अवशेषाचं टेरा गॅमा किरणांतलं पहिलं चित्र काढलं. ऊर्जा एवढी, आणि त्यात कड्याचा आकार ओळखू येत होता. मात्र तिथले गॅमा किरण प्रोटॉनांचे की इलेक्ट्रॉनांचे, यावर वाद बरीच वर्षं रंगला. इलेक्ट्रॉनही एका युक्तीनं गॅमा किरण करतात: आकाशभर पसरलेल्या सूक्ष्मलहरींच्या मंद प्रकाशकणाला ठोकर मारून त्याला टेरापर्यंत उचलतात. माझा स्वतःचा कल तिथं इलेक्ट्रॉनांकडे आहे.


कोरडवाहू | मंगळवार, सकाळी ८:१०

सगळं वाचून काढलं. आता एक खडा टाकतो. काही ठिकाणी वाचलं की विश्वकिरणांच्या आलेखात ३ पेटा (म्हणजे ३,००० टेरा) इलेक्ट्रॉनव्होल्टला "गुडघा" आहे, म्हणजे आलेख तिथून जास्त वेगानं घसरतो, आणि तिथपर्यंतचे कण सुपरनोव्हा अवशेषच बनवतात असं मानलं जातं. पण अवशेष तिथवर पोचताना कुणी पाहिलेत का?


नेकारकाठ | मंगळवार, दुपारी २:२५

नाही. आणि हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. कॅसिओपिया ए चंच घ्या. मॅजिक दुर्बिणींनी २०१७ मध्ये दाखवलं की त्याचे गॅमा किरण ३.५ टेराच्या आसपास गळून पडतात, म्हणजे त्यामागचे प्रोटॉन फार तर दहाएक टेराचे. गुडघ्याचा तीनशेवा भाग! इतका तरणा, इतका वेगवान अवशेष, आणि एवढ्यावरच थांबतो. चीनच्या ल्हासो प्रयोगानं २०२१ मध्ये पेटाच्या आसपासचे गॅमा किरण देणारे डझनभर स्रोत जाहीर केले, पण त्यांत ठळक आहेत ते तरुण ताऱ्यांचे जथे आणि खेकड्यासारखे पल्सार. निव्वळ कड्याचा अवशेष तिथं पुढच्या रांगेत नाही.

माझं मत विचाराल तर, बहुतांश विश्वकिरण अवशेषांचेच, पण सर्वांत वरचा टप्पा दुसऱ्या कुणाचा तरी.


उत्तररात्र | मंगळवार, रात्री १०:०५

नेकारकाठ, इथं मी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही, जरा सविस्तर लिहिते.

छत कशामुळे येतं ते आधी. कणाची ऊर्जा वाढते तसं त्याचं वळण मोठं होतं. ताऱ्यांमधल्या क्षेत्रात, जे पृथ्वीच्या क्षेत्राच्या लाखाव्या हिश्श्याएवढं असतं, ३ पेटाच्या प्रोटॉनचं वळण तीन-चार प्रकाशवर्षं त्रिज्येचं होतं. अख्ख्या अवशेषाच्या मापाशी बरोबरी. असा कण शॉककडे परत कसा येणार? निसटणारच. त्यामुळे क्षेत्र वाढवल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि ते वाढतं याचा पुरावा ती बारीक तार आहे. तारेच्या जाडीवरून क्षेत्र मोजलं तर नेहमीच्या कितीतरी पट निघतं. वाढवतं कोण? स्वतः कणच. शॉकच्या पुढं धावणारे प्रोटॉन म्हणजे विद्युतप्रवाहच, तो क्षेत्राला पीळ घालून फुगवतो, हे बेल यांनी २००४ मध्ये दाखवलं. आपल्याला अडवणारी भिंत कण आपणच उभारतात, आणि त्या भिंतीमुळेच पुढं मोठे होतात.

आता माझा मुद्दा. हा प्रवाह सर्वांत जोरकस असतो तो स्फोटानंतरच्या पहिल्या काही वर्षांत, शॉक ताऱ्यानंच आधी सोडलेल्या दाट वायूतून धावत असताना. म्हणजे पेटाचे कण कॅसिओपिया ए नं तेव्हाच बनवून सोडून दिले असतील, आणि आपण साडेतीनशे वर्षांनी रिकामा कारखाना तपासतोय. आज तिथं पेटाचे कण नाहीत, एवढ्यावरून ते कधीच नव्हते म्हणता येत नाही.


नेकारकाठ | बुधवार, पहाटे ३:१०

मान्य, हे शक्य आहे. पण मग निसटलेले कण शेजारच्या वायूच्या ढगांवर आदळून तिथं गॅमा किरण दिसायला हवेत. कॅसिओपिया ए च्या आसपास ल्हासोनं शोध घेतला, अपेक्षेएवढे सापडले नाहीत. आपल्याला पुढचा सुपरनोव्हा जवळपास आणि लवकर व्हायला हवा. दरम्यान उटीच्या ग्रेप्स-३ नं २०२४ मध्ये प्रोटॉनांच्या वर्णपटात १६६ टेराच्या सुमारास एक वळण नोंदवलंय, म्हणजे गुडघ्याच्या बऱ्याच खालीसुद्धा ती रेघ सरळ नाही. एकाच प्रकारच्या कारखान्याचा माल असता तर रेघ सरळ असायला हवी होती. मी माझ्या मतावर तूर्त ठाम आहे.


माणदेशी_मास्तर | शनिवार, दुपारी १२:५०

तुमचा वाद चालू राहू द्या, मी मध्येच एक सांगतो.

आज सकाळची शाळा होती. नववीच्या वर्गात ३६ मुलं हजर. प्रत्येकाला पाटीवर १० रुपये लिहायला लावले आणि हातात एक फासा दिला. नियम असा, की फासा टाकायचा, ६ पडला तर खाली बसायचं, नाही तर पाटीवरची रक्कम १.२ नं गुणायची. गळती सहात एक, आणि गुणाकार बरोबर तिच्या उलटा, म्हणजे ताईंच्या शॉकसारखाच हिशेब, फक्त फेऱ्या कमी लागाव्यात म्हणून आकडे मोठे.

चार फेऱ्यांनी १९ मुलं उभी, रक्कम साधारण २१. आठ फेऱ्यांनी ८ उभी, रक्कम ४३. बारा फेऱ्यांनी ५ उभी, रक्कम ८९. फळ्यावर दोन्ही आकड्यांचा गुणाकार लिहीत गेलो, ३६० च्या आजूबाजूलाच घुटमळत राहिला. मुलांनी स्वतःच ओरडून सांगितलं, "सर, दुप्पट झाले की निम्मे उरतात!"

शेवटी एकच मुलगी उरली. सगळा वर्ग तिच्याभोवती. एकविसाव्या गुणाकारानंतर पाटीवर ४६० रुपये होते, आणि पुढचाच फासा ६ पडला. खाली बसताना तिनं विचारलं, "सर, मला ६ पडलाच नसता तर किती झाले असते?"

मी तिला म्हटलं, विचारून सांगतो. ताई, काय सांगू?


उत्तररात्र | शनिवार, दुपारी १:३०

सर, तिला सांगा की फासा नसता तरी पाटी संपली असती. रक्कम वाढते तसा आकडा लांबत जातो आणि एक दिवस पाटीवर मावत नाही. कणाचं वळण अवशेषात मावत नाही, तसंच. पाटी केवढी मोठी असू शकते, यावरच वर आमचा वाद चाललाय.

आणि सर, तुमचा खेळ मी उद्या भाच्याबरोबर खेळणार आहे. घरात फासे दोनच आहेत, आम्ही ३६ चिंचोके घेऊन बसू.